वारसनोंद, अ.पा.क. आणि लेकींचा हिस्सा

मुंबई उपनगर जिल्ह्यात एके काळी शेती होती हे आता मुद्दाम सांगावे लागते. अंधेरी, मालाड, बोरिवली या बाजूंना भातखाचरे व वाड्या होत्या, भांडुप-मुलुंडकडे मिठागरे होती. मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. पुढे १ ऑक्टोबर १९९० रोजी अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांचा मिळून मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. वांद्रे पूर्व येथे त्याचे जिल्हाधिकारी कार्यालय आहे. जिल्हा शहरी असला तरी तेथील जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हाच कायदा लागू आहे आणि वारसाहक्काचे कायदेही तेच आहेत.

या जिल्ह्याचे उदाहरण येथे घेण्याचे कारण वेगळे आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. भाताच्या खाचरात बहिणीचे पाच-दहा गुंठे नोंदले काय आणि न नोंदले काय, कोणाला फरक वाटत नाही. वडील वारल्यावर थोरल्या भावाचे नाव सातबाऱ्यावर चढते, बाकीचे "आपलाच भाऊ आहे" म्हणून गप्प राहतात. नंतर त्याच जमिनीवर इमारत येते, गुंठ्याचा हिशेब चौरस फुटात होऊ लागतो, आणि पन्नास वर्षांपूर्वी न केलेली नोंद नातवंडांच्या पुढ्यात दावा म्हणून उभी राहते. उपनगरांत हे घडून गेले. वसई, पनवेल, कर्जत, पालघर या भागांत ते आज घडत आहे. म्हणून ज्यांच्या जमिनीला अजून फारसा भाव नाही अशा शेतकरी कुटुंबांनी ही माहिती आताच समजून घ्यावी. स्वस्त जमिनीची वाटणी गोडीने होते.

नाव नाही म्हणून हक्क जात नाही

जुन्या सातबाऱ्यांवर "ए.कु.मॅ." अशी अक्षरे दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्याचा अर्थ आहे. घरातील एका पुरुषाचे नाव कब्जेदार म्हणून लागे आणि त्याच्या पाठीमागे संपूर्ण कुटुंब आहे असे गृहीत धरले जाई. पुढे ती तीन अक्षरे कुठे तरी गळतात आणि जमीन त्या एकाच माणसाची असल्याचा समज होतो. असा समज करून घेऊ नये. सातबारा हा महसुलाच्या कामासाठी ठेवलेला अभिलेख आहे. विरुद्ध पुरावा येईपर्यंत तो खरा धरला जातो एवढेच. त्याने मालकी निर्माण होत नाही व नाहीशीही होत नाही. ज्याचे नाव राहून गेले त्याचा हिस्सा कायद्याने शाबूत असतो. मात्र तो सिद्ध करण्याचा खर्च, वेळ आणि मनस्ताप त्यालाच सोसावा लागतो, आणि दरम्यान जमीन तिसऱ्याला विकली गेली तर गुंता आणखी वाढतो.

जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका असते. उपनगरातील बहुतेक जमिनींचे असेच आहे. तेथे वारसाचा अर्ज तलाठ्याकडे न करता नगर भूमापन अधिकाऱ्याकडे करावा लागतो. गावठाणातील घर मिळकत पत्रिकेवर आणि शेत सातबाऱ्यावर, अशी स्थिती असल्यास दोन्ही ठिकाणी नोंद करून घ्यावी. अनेक कुटुंबे शेताची नोंद करतात आणि घराची विसरतात.

मुलीचा हिस्सा : चोविसाव्या भागापासून सहाव्या भागापर्यंत

हिंदू कुटुंबातील वडिलोपार्जित जमिनीत मुलीला किती वाटा मिळतो, याबाबत गेल्या काही दशकांत कायदा पुष्कळ बदलला आहे. तो बदल नुसत्या कलमांतून लक्षात येत नाही. त्यासाठी सांगलीच्या न्यायालयात सुरू झालेला व १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेला एक गाजलेला दावा पाहू. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या नावाने तो ओळखला जातो. खंडाप्पा मगदूम हे १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे व तीन मुली होत्या. हिराबाईंनी आपल्या वाट्यासाठी दावा लावला होता.

न्यायालयाने हिशेब असा केला. खंडाप्पांच्या मृत्यूच्या आधल्या क्षणी वाटणी झाली असे मानायचे. त्या वाटणीत खंडाप्पा, त्यांची पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी चौथा हिस्सा. मुलींना त्यावेळी जन्माने हक्क नव्हता, म्हणून या वाटणीत त्या नाहीत. मग खंडाप्पांचा चौथा हिस्सा त्यांच्या सहा वारसांत, म्हणजे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली यांच्यात, समान वाटायचा. तो प्रत्येकी चोविसावा भाग होतो. हिराबाईंना व प्रत्येक मुलाला चोवीसपैकी सात भाग आणि प्रत्येक मुलीला एक भाग आला.

हिशेबासाठी अशी जमीन सहा एकर, म्हणजे २४० गुंठे आहे असे धरू. आईला ७० गुंठे, प्रत्येक मुलाला ७० गुंठे आणि प्रत्येक मुलीला १० गुंठे. कायदा मुलगा व मुलगी समान मानतो असे १९५६ पासून म्हटले जात होते, तरी प्रत्यक्षात वाटा एकास सात होता.

महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार अधिनियमात दुरुस्ती केली ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. याच वर्षी राज्याचे पहिले महिला धोरण आले होते. दुरुस्तीने मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्माने सहहिस्सेदार ठरली. आंध्र प्रदेश व तमिळनाडू या राज्यांनी हे आधीच केले होते. परंतु आपल्या दुरुस्तीत एक अट होती. त्या तारखेपूर्वी जिचे लग्न झाले तिला लाभ नाही. लग्नसराई नुकतीच संपलेली होती. एकाच घरात मे महिन्यात लग्न झालेली थोरली बहीण बाहेर आणि धाकटी अविवाहित बहीण आत, असे प्रकार झाले. कायदा करणाऱ्यांना लग्न झालेली मुलगी परक्या घरची वाटत होती, हे त्या अटीवरून उघड दिसते.

केंद्र शासनाची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी आली आणि विवाहाची अट गेली. त्यानंतरही वाद थांबला नाही. त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले होते. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही.

आता खंडाप्पांसारखेच कुटुंब घेऊ, पण मृत्यू आजचा धरू. मानलेल्या वाटणीत वडील, आई, दोन मुलगे व तीन मुली असे सात जण येतात. प्रत्येकी सातवा हिस्सा. वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा वारसांत. बेरीज केली तर प्रत्येकाला बरोबर सहावा भाग मिळतो. सहा एकरांत आईला एक एकर, प्रत्येक मुलाला एक एकर आणि प्रत्येक मुलीला एक एकर. मृताची आई हयात असेल तर तीही वारस असते आणि त्याप्रमाणे हिशेब बदलतो. आजीचे नाव वारसांत घालायचे राहून जाणे ही नेहमीची चूक आहे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटणी झालेली असल्यास ती या कायद्याने उकरली जात नाही. "आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती" असे नुसते म्हणणे मात्र सहसा मान्य होत नाही. त्याला सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार लागतो. दुसरे असे की वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली व आई यांना ती सारखी जाते.

सर्व कुटुंबांना एकच कायदा नाही

गोराई, मनोरी, मरोळ या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. त्यात मृत्युपत्र नसल्यास विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलामुलींना समान मिळते. जन्माने हक्क, सहहिस्सेदार हा प्रकार तेथे नाही. मुस्लिम कुटुंबांचा वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतो.

आरे परिसरात व राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास वारली पाडे आहेत. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार अधिनियम आपोआप लागू होत नाही, तेथे रूढी पाहिली जाते. या रूढीच्या नावाखाली आदिवासी मुलींना डावलले जाई. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला आणि स्त्रीला वगळणारी रूढी असल्याचे सिद्ध झालेले नसताना तिला वगळता येणार नाही, असा विचार मांडला. पालघर व रायगडमधील आदिवासी शेतकऱ्यांनी हा निर्णय माहीत करून घ्यावा.

अज्ञान मुलांचा हिस्सा

कायद्याच्या भाषेत १८ वर्षे पूर्ण न झालेले मूल म्हणजे अज्ञान. खातेदार वारला आणि मुले लहान असली तर त्यांची नावे वगळून फक्त आईचे किंवा चुलत्याचे नाव लावण्याची पद्धत अनेक गावांत आहे. "मुले मोठी झाली की लावू" असे सांगितले जाते. हे चुकीचे आहे. लहान मुलाचे नाव वारस म्हणून पहिल्याच दिवशी लागले पाहिजे. त्याच्या नावापुढे "अ.पा.क." लिहून पालकाचे नाव दाखविले जाते. अज्ञान पालनकर्ता असा त्याचा अर्थ आहे. या नोंदीने पालक मालक होत नाही. तो राखणदार आहे.

आईच्या पोटात असलेल्या बाळालाही हा हक्क आहे. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी गर्भात असलेले मूल पुढे जिवंत जन्माला आले तर ते वडिलांच्या मृत्यूआधी जन्मल्याप्रमाणेच वारस ठरते. ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक असते आणि तरुण विधवेच्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची असते. तसेच मुलगा वडिलांच्या आधी वारला असेल तर त्याची विधवा व मुले त्याच्या जागी वारस म्हणून येतात. सुनेला माहेरी पाठवून नातवंडांची नावे गाळणे हा सरळ सरळ अन्याय आहे, आणि दावा झाल्यास तो टिकतही नाही.

पालक कोण, हाही प्रश्न येतो. हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे आधी वडील व त्यांच्यानंतर आई हे नैसर्गिक पालक आहेत. "त्यांच्यानंतर" म्हणजे वडील वारल्यानंतरच, असा अर्थ पूर्वी घेतला जाई. गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९९ मध्ये सांगितले की वडील लक्ष देत नसतील किंवा मुलापासून दूर असतील तर ते हयात असतानाही आई पालक म्हणून काम पाहू शकते. नवरा परागंदा आहे म्हणून मुलांचे काम अडते, अशा भगिनींना याचा उपयोग होतो. चुलता किंवा आजोबा हे आपोआप पालक होत नाहीत, त्यांना न्यायालयाकडून नेमणूक घ्यावी लागते.

आता विक्रीचा प्रश्न. अज्ञानाच्या वाट्याला आलेली स्वतंत्र स्थावर मिळकत विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे किंवा अदलाबदल करणे यासाठी नैसर्गिक पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी जिल्हा न्यायालयाकडे व मुंबईत नगर दिवाणी न्यायालयाकडे मागता येते. मुलाची खरी गरज किंवा उघड फायदा दिसला तरच ती मिळते. पाच वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा, किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षापलीकडे जाणारा भाडेपट्टाही परवानगीशिवाय करता येत नाही. जमीन दीर्घ मुदतीने कंपनीला किंवा बागेसाठी देणाऱ्यांनी हे जरूर पाहावे. एकत्र कुटुंबाची अविभक्त जमीन कर्ता कुटुंबाच्या गरजेसाठी विकतो तेव्हा ही अट लागू होत नाही. पण ती गरज खरी होती हे वेळ आल्यास सिद्ध करावे लागते.

परवानगीवाचून झालेली विक्री मूल सज्ञान झाल्यावर अमान्य करू शकते. त्यासाठी दावा करायचा तर १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो, म्हणजे साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. या वयातील मुले शिकत असतात, नोकरी शोधत असतात. जुने फेरफार काढून पाहण्याचे त्यांना सुचत नाही. म्हणून मूल अठरा वर्षांचे होताच आईने किंवा आजोळच्या जाणत्या माणसाने त्याला सोबत घेऊन सातबारा दाखवावा. त्याच वेळी जन्माचा पुरावा जोडून अ.पा.क. शेरा कमी करण्याचा अर्ज करावा. तो शेरा तसाच राहिला तर मूल चाळीस वर्षांचे झाले तरी कागदावर अज्ञानच राहते, आणि कर्ज काढताना किंवा विक्री करताना सगळे अडते.

दुसऱ्या, कायद्याने अवैध ठरणाऱ्या विवाहातून झालेल्या मुलांविषयीही लिहिले पाहिजे, कारण खेड्यांत यावरून वर्षानुवर्षे तंटे चालतात. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले की अशा मुलांना आपल्या आईवडिलांच्या मिळकतीत हक्क आहे, आणि मानलेल्या वाटणीत वडिलांच्या वाट्याला जो हिस्सा येईल त्यातही आहे. मात्र एकत्र कुटुंबात जन्माने सहहिस्सेदार म्हणून त्यांना दावा सांगता येत नाही. मुलांचा यात काही दोष नसतो, हीच त्यामागची भूमिका आहे.

हक्कसोडपत्राविषयी

बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याचा आपल्याकडे जुना प्रघात आहे. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात. स्वखुशीने, समजून-उमजून दिले असेल तर त्यात बेकायदेशीर काही नाही. परंतु कित्येकदा "वारस नोंदीसाठी सही हवी" असे सांगून दुय्यम निबंधकाकडे नेले जाते आणि कागद हक्कसोडपत्राचा निघतो. वारसनोंदीसाठी दुय्यम निबंधकाकडे जाण्याची गरजच नसते. तेवढ्यावरून भगिनींनी ओळखावे. सही करण्यापूर्वी कागदाचे शीर्षक व गट नंबर वाचावेत, आणि नक्कल मागून घ्यावी.

हक्कसोडपत्र नोंदणीकृत असले पाहिजे व ते सहहिस्सेदाराच्या लाभातच होऊ शकते. साध्या कागदावरचा किंवा नुसता नोटरी केलेला लेख चालत नाही. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीवरचा पुढे मिळू शकेल असा हक्क आधीच सोडून देता येत नाही. तसा कागद निरर्थक आहे. अज्ञानाच्या वतीने आईने किंवा चुलत्याने न्यायालयाच्या परवानगीशिवाय केलेले हक्कसोडपत्रही मुलाला बांधून ठेवत नाही.

नोंद कशी करावी

खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याकडे अर्ज द्यावा. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वय, पत्ता व मृताशी नाते दाखविणारे प्रतिज्ञापत्र आणि आठ-अ जोडावा. ई-हक्क या शासकीय प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. तीन महिने उलटले म्हणून हक्क बुडत नाही, अर्ज तेव्हाही करावा. वारसांची चौकशी होऊन गाव नमुना सहा-क मध्ये नोंद होते, त्यावरून फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस देऊन १५ दिवस हरकतीसाठी ठेवले जातात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते व सुनावणी होते.

ही पद्धत कागदावर सोपी असली तरी हजारो सातबाऱ्यांवर मेलेल्या माणसांचीच नावे होती. त्यासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये "जिवंत सातबारा" मोहीम घेतली. मोहिमेत नोंद झाली असली तरी सगळे वारस आले आहेत का, हे स्वतः तपासून पाहावे. वारस कोण यावरच वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागतो. तो ज्या कायद्याखाली मिळतो तो मुंबईचा आठवा विनियम १८२७ सालचा आहे. इतका जुना कायदा आजही रोजच्या कामात येतो हे पाहून नवल वाटते.

लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या भगिनींना नोटीस पोचतेच असे नाही. अर्जात त्यांचा पत्ता माहेरचाच दिलेला असतो आणि नोटीस भावाच्या हाती पडते. म्हणून वडिलांच्या पश्चात दोन-तीन महिन्यांनी माहेरच्या गटाचा सातबारा व शेवटचा फेरफार काढून पाहावा. तो संगणकावरून घरबसल्या मिळतो. नाव गाळले गेल्याचे आढळल्यास नोंद प्रमाणित झाल्यापासून ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. मुदत टळली असल्यास उशिराचे कारण लिहून अर्ज द्यावा, आणि हिस्सा वेगळा करून हवा असल्यास दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा करावा.